घोंगडी उजव्या खांद्यावर

एक

बारामतीच्या वाचनालयात रविवारची सकाळ म्हणजे सिंधुबाईंचं राज्य. एरवी तिथं म्हातारे वकील वर्तमानपत्राच्या एका पानावरून भांडत बसलेले असत. रविवारी मात्र त्यांची रवानगी ओसरीवर होई आणि आतल्या सतरंजीवर पोरं ठाण मांडत. भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर बाईंनी खडूनं मथळा घातला होता : ‘मुलांनी वाचावं असं नवं.’ बाई मुलींच्या शाळेच्या मुख्य. स्वतः पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय त्या कुठलंही पुस्तक या फळ्यावर चढू देत नसत, आणि वाचताना त्यांचा चेहरा जकातनाक्यावर गाडी अडवणाऱ्या कारकुनासारखा होई.

सन एकोणचाळीसच्या त्या उन्हाळ्यात फळ्यावर सगळ्यात वर एकच नाव होतं : ‘घोंगडीवीर’.

त्याची जन्मकथा गावात सगळ्यांना पाठ होती. बापूसाहेबांचा बाजारपेठेत शिळाछापखाना होता. लग्नपत्रिका, तमाशाच्या जाहिराती, उदबत्तीच्या पुड्यांवरची चित्रं, असा माल तिथं दगडावरून छापून निघे. बापूसाहेबांना मुंबईत एका खलाशाकडून चित्रांचं एक परदेशी चोपडं मिळालं. त्यात अंगाला चिकटलेले कपडे घालून आणि पाठीला कापड बांधून माणसं आभाळातून उडत होती. बापूसाहेबांनी ते आपल्या चिताऱ्यापुढं, रावजीपुढं टाकलं आणि म्हणाले, “असला एक आपला काढ.” रावजीनं कापडाच्या जागी घोंगडी दिली, हातात काठी दिली, डोळ्यांवर बुरखा चढवला, आणि माळावरून उड्या घेत अडल्यानडल्यांच्या मदतीला धावणारा धनगर वीर तयार झाला. पोरं वेडी झाली. बाईंनीही तीन अंक डोळ्यांत तेल घालून वाचले आणि फळ्यावर नावाखाली शेरा मारला : ‘पुस्तक मिटल्यावर मूल जागचं उठलं पाहिजे. हे उठवतं.’

हाच शेरा आता त्यांच्या अंगाशी येणार होता.

तिसऱ्या अंकात घोंगडीवीर रात्री कालव्याचं दार उघडून तहानलेल्या वस्तीला पाणी देतो. आणि गेल्या आठवड्यात खरोखरच कुणीतरी मुलींच्या शाळेमागच्या कालव्याचं दार उघडून धनगरवस्तीच्या ओढ्यात पाणी सोडत होतं. वस्तीचा आड आटला होता, बाया ओढ्याच्या वाळूत झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या, तेव्हा त्यांना ते पाणी देवासारखं आलं. पण खाली निमगाव केतकीच्या बागायतदारांची पाण्याची पाळी कोरडी गेली आणि तिकडून बोंब उठली. चोर कोण? जो तो शेजाऱ्याकडं डोळे बारीक करून बघू लागला. आणि हे शिकवलं कुणी, असं विचारताना सगळे त्या फळ्याकडं बघत.

त्या रविवारी चौथा अंक आला. बाईंनी गठ्ठा सोडला. शाई इतकी ताजी की बोटांची टोकं काळी झाली. पोरांनी अंकावर झडप घातली, पानं उलटण्याचा आवाज झाला, आणि मग हळूहळू सगळी खोली गप्प झाली. पोरं गप्प बसली की बाईंना नेहमीच संशय येई.

“काय झालं गं?” त्यांनी रतनला विचारलं. रतन म्हणजे धनगरवस्तीतली, बाईंच्याच शाळेतली, वर्गातली सगळ्यात बडबडी पोर. तिनं अंक बाईंपुढं केला आणि चपला तिथंच टाकून बाहेर धूम ठोकली.

शेवटच्या पानावर एकच मोठं चित्र होतं. खाली एक अक्षर नव्हतं. घोंगडीवीर कालव्याच्या दाराशी समोर तोंड करून उभा होता, बुरखा हातात काढून घेतलेला. चेहरा अगदी ओळखू येत होता. तो छापखान्यात दगड घासणाऱ्या सिद्धू धनगराचा होता. रतनच्या सख्ख्या मामाचा.

बाईंनी मान वर केली तेव्हा दारात फौजदार आबाजी उभे होते. त्यांच्याही हातात तोच अंक होता.

“बाई, तुमचा वीर आमच्या कोठडीत बसलाय,” ते म्हणाले. “उद्या इंदापूरला न्यायचा. कालव्याचं मोठं साहेब तितं मुक्कामाला हायेत. बेड्या पडतील.”

“एका चित्रावरून?”

“चित्रावरून धरला, पर त्यो कबूल झालाय ना! म्हन्तो, व्हय, मीच.”

दोन

चोर कबूल झाला की गावाची चौकशी संपते. बाईंची तिथून सुरू झाली. त्यांना चोरापेक्षा चित्राचा संशय होता. एका गरीब गड्याचा चेहरा असा चव्हाट्यावर मांडणारा हात कुणाचा?

छापखान्याच्या दाराबाहेर खुंटीवर सिद्धूची घोंगडी लटकत होती. लोकरीचे धागे शाईत पडतात म्हणून बापूसाहेब घोंगडी आत आणू देत नसत. आत रावजी कपाळाला हात लावून बसला होता.

“माझं पान न्हाय ते, बाई! देवाशपथ न्हाय. मी वीराला पाठमोरा दाखिवला हुता, डोंगराकडं चाललेला. बुरखा काढला तर पुढच्या अंकात काय उरतं? शनिवारी सकाळी नमुना काडून, दगड तय्यार करून मी गेलो. माघारी कुणीतरी माझं चित्र घासून टाकलं आन हे काढलं. छापणारा गडी म्हन्तो, सांजच्याला आलो तवा दगड ठेवलेला हुता, म्या छापला.”

“कुणालाही जमेल का हे?”

“छ्या! दगडावर समदं उलटं काढावं लागतं. डावं ते उजवं, उजवं ते डावं. छापलं की सुलटं हुतं. म्हणून तर आरसा ठेवतो जवळ, दगडाला लावून बघाया.” रावजीनं सवयीनं हात टेबलावर टाकला. आरसा तिथं नव्हता. तो खिडकीच्या चौकटीत, उंच खिळ्याला टांगलेला होता. “आता हितं कुणी टांगला ह्यो?” असं पुटपुटत तो टाचा उंचावून आरसा काढू लागला.

बाई चित्राकडं बघत होत्या. “रावजी, यात काय चुकलंय?”

“घोंगडी!” तो ताडकन म्हणाला. “उजव्या खांद्यावर टाकलीया. आन काठी डाव्या हातात. आवो, उजव्या हातात काठी आन डाव्या खांद्यावर घोंगडी, धनगराचं शेंबडं पोरबी सांगंल. माझ्या तिन्ही अंकांत बघा. हे काढणारा धनगर न्हाय, आन त्यानं जल्मात धनगर नीट बघितल्याला न्हाय.”

बाईंनी मागच्या अंगणात डोकावून पाहिलं. दगड घासायच्या कुंडीमागची भिंत कोळशानं भरून गेली होती. मेंढ्या, शिंगं वळवलेले एडके, पाण्याला वाकलेली कोकरं. दोन रेघांत प्राणी जिवंत केलेला.

“सिद्धूचे उद्योग,” मागून बापूसाहेब म्हणाले. ते आत्ताच आले होते, आणि चौथ्या अंकाची मागणी वाढल्यानं चेहऱ्यावर दुःख ठेवणं त्यांना अंमळ जड जात होतं. “हात आहे पोराला. मी रावजीला परवा बोललोही, तू आळस केलास तर याला बसवीन तुझ्या जागी.”

रावजीचं तोंड उतरलं. बाईंनी ते टिपून घेतलं, आणि बापूसाहेबांचं न लपणारं समाधानही टिपून घेतलं.

“शनिवारी दुपारी तुम्ही दोघं कुठं होतात?”

“निमगावला, आठवड्याच्या बाजारी. जुने अंक विकायला गेलो होतो.”

“दोघंही?”

बापूसाहेब जरा घुटमळले. मग बाईंना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “निघालो दोघं. पण तिथं मी एकटाच होतो, बाई. मी मोटारीत पुढं बसलो होतो; उतरून बघतो तर रावजी नव्हताच.”

तीन

रावजीला बोलतं करायला फार वेळ लागला नाही. तो गावाच्या वेशीवरच मोटारीतून उतरला होता आणि तिथं तंबूत लागलेला बोलपट बघायला गेला होता. मालकानं चित्र काढायला ठेवलेल्या माणसानं मालकाच्या वेळात हलती चित्रं बघावीत, याची त्याला लाज वाटत होती. तंबूवाल्यानं शपथेवर सांगितलं की हाच तो माणूस, पडद्याच्या इतका जवळ बसला होता की मागचे ओरडत होते.

म्हणजे रावजी सुटला. बापूसाहेबांना तर दगडावर साधी रेघ मारता येत नव्हती. तरीही बाईंचा कुणावर विश्वास बसेना. एकदा मनात संशय शिरला की समोरचा माणूस पाणी मागतानाही काहीतरी लपवतोय असं वाटतं.

बाई चावडीमागच्या कोठडीकडं गेल्या. आबाजींनी आढेवेढे घेत दार उघडलं. सिद्धू भिंतीला टेकून बसला होता. उभा राहिला तर डोकं कमानीला लागलं. लहानपणी एडक्यानं शिंग मारल्यानं त्याची एक भुवई मधोमध दुभंगलेली होती. तेवढ्यानं तो नेहमी काहीतरी विचारतोय असं वाटे.

“दार तू उघडलंस?”

“व्हय, बाई.”

“कधी?”

“रातच्याला.” तो जरा थांबला. “घोंगडीवीर उघडतो तसंच.”

“एकट्यानं?”

“एकट्यानंच. दुसरं कोन असनार?” हे मात्र त्यानं फार भरभर सांगितलं.

“आणि तुझं चित्र कुणी काढलं, कुणावर संशय आहे तुझा?”

सिद्धूनं मान खाली घातली. ज्यानं याला जगापुढं नागवं केलं त्याच्यावर याला राग नव्हता, कुतूहल नव्हतं. बाईंना हेच खटकलं.

“काढलं कुनीबी. खरं तेच काढलंय न्हवं? मला न्हिऊ द्या इंदापूरला. आन बाई, रतनला म्हनावं शाळा सोडू नगंस. काय झालं तरी.”

बाई निघाल्या. उंबऱ्यापाशी त्यांनी वळून पाहिलं. उन्हाची तिरीप त्याच्या कपाळावर पडली होती. दुभंगलेली भुवई डावी होती. त्यांनी पदराआडून अंक काढून पाहिला. चित्रातल्या माणसाचीही भुवई डावीच होती.

घोंगडी चुकणाऱ्याला भुवई बरोबर कशी जमली?

चार

भर उन्हात बाई कालव्याच्या दाराशी गेल्या. शाळेच्या कुंपणापासून ते दगडाच्या टप्प्यात होतं. पाटकरी सर्जेराव, म्हणजे दारांची राखण करणारा आणि पाळीनं पाणी सोडणारा सरकारी माणूस, बाभळीखाली पागोटं तोंडावर घेऊन आडवे झाले होते. बाईंची सावली पडली तसे ते उठून पागोटं सावरू लागले.

“झोपलो न्हवतो, बाई. डोळं मिटून इचार करत हुतो.”

“रोज दुपारी करता?”

“उन्हाचा करावाच लागतो.” मग ते आपण होऊन बोलू लागले, आणि न विचारता बोलणाऱ्याकडं बाई जास्तच लक्ष देत. “चोरानं कुलूप उघाडलं बघा. माझी नजर चुकवून. मी रोज लावतो, रोज काडतो.”

कुलूप उघडंच साखळीला लोंबत होतं. बाईंनी ते हातात घेतलं. ते कुठं फोडलेलं नव्हतं, कुठं साधा ओरखडाही नव्हता. किल्लीच्या भोकात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. घर कधीच वाळून टणक झालेलं होतं. बाईंनी कुलूप सोडून दिलं. सर्जेरावांनी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि मग इकडंतिकडं बघायला लागले.

ओढ्यात रंगूबाई झिऱ्याशी वाकली होती. सिद्धूची थोरली बहीण, रतनची आई. भावाचं नाव काढताच तिनं पदर तोंडाला लावला.

“त्यो मुंगीच्या वाटंला जायाचा न्हाय, बाई.”

“रंगूबाई, ओढ्याला पाणी यायचं ते कधी यायचं?”

“दुपारचं की. उन्हं डोईवर आली का यायचं. आमी हांडं घिऊन पळायचो.”

“रात्री नाही?”

“रातीला कुठलं! राती आलं आसतं तर वाळूतच जिरलं आसतं. सकाळच्याला हातात काय लागलं आसतं?”

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. सगळं गाव रात्रीचा चोर शोधत होतं, कारण पुस्तकातला वीर रात्री येत होता. खरा चोर भर दुपारी येत होता, पाटकरी झोपलेला असताना. आणि दुपारी सिद्धू बापूसाहेबांच्या डोळ्यांसमोर दगड घासत असे. तो चोर असूच शकत नव्हता. त्याला चोरीची वेळसुद्धा ठाऊक नव्हती.

मग तो कुणाला पाठीशी घालत होता?

त्या परत दाराशी आल्या. सर्जेराव विहिरीवर पाणी प्यायला गेले होते. लोखंडी चाकावर आणि त्याच्या आट्यांवर काळंकुट्ट वंगण थापलेलं होतं. बाईंनी दोन्ही हातांनी चाक धरलं, अंगाचा सगळा भार टाकला. ते जेमतेम हललं. एकट्या माणसाचं काम नव्हतं हे. तीनचार जणांनी मिळून लोंबकळलं, तरच फिरेल. त्यांनी हललेलं चाक पुन्हा होतं तसं केलं आणि हात सोडले.

दोन्ही तळवे काळे झाले होते.

असेच तळवे त्यांनी शुक्रवारी पाहिले होते. मधल्या सुट्टीनंतर रतन आणि तिच्या मैत्रिणी उशिरा वर्गात आल्या तेव्हा. “हे काय?” असं विचारल्यावर रतन म्हणाली होती, “शाई हाय बाई, घोंगडीवीराची. लई लागती.” बाईंनी दटावून हात धुवायला पाठवलं होतं. शाई बोटांच्या टोकांना लागते, तळव्यांना नाही. आणि शुक्रवारी नवा अंक छापूनही झाला नव्हता.

पाच

घरी येऊन त्यांनी आरसा उतरवला, कागदावर चित्र काढलं, पुसलं, पुन्हा काढलं. वंगण घासूनही निघेना. शेवटी त्यांनी हात धुण्याचा नाद सोडला.

डावं ते उजवं, उजवं ते डावं, असं रावजी म्हणाला होता. दगडाची उलटापालट ज्याला ठाऊक नाही त्याची घोंगडीही चुकली असती आणि भुवईही. ज्याला ती हातात मुरलेली आहे त्याची दोन्ही बरोबर आली असती. इथं एक चूक, एक बरोबर. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच रीतीनं काढलेल्या नव्हत्या. घोंगडी आठवणीनं काढली होती. भुवई कशात तरी बघून.

कशात? खिडकीशी उंच टांगलेल्या आरशात. आरशात दिसतं तसंच दगडावर उतरवलं की छापल्यावर ते आपसूक सुलटं होतं. आणि आरशात बघून सिद्धूचा चेहरा काढू शकेल असा जगात एकच माणूस होता. रावजीला टाचा उंच कराव्या लागाव्यात इतक्या उंचीवर आरसा टांगणारा.

घोंगडी बाहेर खुंटीला होती. ती त्याला आरशात दिसली नाही. दगडाचं गणित त्याला वर्षानुवर्षं ऐकून माहीत होतं, पण घोंगडीशी आल्यावर हात जन्माच्या सवयीनं गेला : डावा खांदा. ती छापून उजव्यावर आली. रावजी म्हणाला होता, हे काढणारा धनगर नव्हे. धनगराशिवाय ही चूक कुणाच्या हातून झालीच नसती.

सिद्धूनं स्वतःच स्वतःवर बोट दाखवलं होतं. चावडीवर जाऊन सरळ कबूल का झाला नाही, तेही बाईंना आता कळलं. आपण होऊन कबूल होणाऱ्याला लोक विचारतात, कुणासाठी? दुसऱ्यानं बोट दाखवलं की कुणी काही विचारत नाही. भाचीचे हात पाहून त्याला कळलं असणार. पोर रडली असेल, बोलली नसेल. म्हणून तर त्याची वेळ चुकली.

बाईंना भरून आलं, आणि लगेच भीती वाटली. सिद्धूला सोडवायचा तर पोरी द्याव्या लागणार. पोरी झाकायच्या तर सिद्धू जाणार. आणि ज्या पुस्तकानं पोरी उठल्या ते त्यांच्या हातात कुणी दिलं? दिवसभर सगळ्यांवर संशय घेत फिरलेल्या बाईंना शेवटचा माणूस सापडला तो आरशात.

सहा

सोमवारी शाळा भरते न भरते तोच आबाजी आले. बरोबर सर्जेराव होते. बाईंनी दोघांना वर्गाला लागून असलेल्या खोलीत बसवलं. उघड्या दारातून मुली दिसत होत्या. रतन मान खाली घालून पाटीवर काहीच न लिहिता पेन्सिल फिरवत होती.

“सर्जेराव म्हन्तोय, चाक एकट्याच्यानं फिरत न्हाय,” आबाजी म्हणाले. “सिद्धूसंगं आनखी कोन तरी पायजे. शाळा जवळ हाय, म्हनून म्हनलं, इचारावं.”

“पोरींचं हात बघू द्या, बाई,” सर्जेराव पुढं झाले. “त्ये वंगन आठ-आठ दिस जात न्हाय. लगीच कळंल.”

वर्गात पेन्सिलीचा आवाज थांबला. बाई मधल्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

“आधी कुलपाचं सांगा, सर्जेराव. रोज लावता, रोज काढता, म्हणालात. किल्लीच्या भोकात कुंभारमाशीचं वाळलेलं घर आहे. किल्ली जाते कुठून?”

सर्जेरावांनी आबाजींकडं पाहिलं. आबाजी त्यांच्याकडंच बघत होते.

“दार महिनेच्या महिने बिनकुलपाचं होतं, आबाजीराव. आणि चोरी रात्री झाली नाही, दुपारी झाली. वस्तीतल्या सगळ्या बायका सांगतील. तेव्हा हे बाभळीखाली झोपलेले असतात, आणि सिद्धू छापखान्यात असतो. बापूसाहेबांना विचारा.” मग त्यांनी अंक काढून घोंगडी दाखवली, भुवई दाखवली, आरशाचं सांगितलं. आबाजींनी दोनदा मध्ये थांबवून पुन्हा समजावून घेतलं, खांद्यावर हात आपटून पाहिला, आणि शेवटी आपलीच भुवई चोळत बसले.

“म्हंजी त्येनंच स्वतःला धरून दिलं? कशापायी?”

“ते मी सांगणार नाही.”

“बाई, मग दार कुनी उघाडलं? तुमाला ठावं हाय. तोंडावर दिसतंय तुमच्या.” आबाजींचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. ते उठले आणि बाईंच्या खांद्यावरून वर्गात बघू लागले. त्यांची नजर एकेका पोरीवरून सरकत गेली. “बाजूला व्हा, बाई. हात बघतो मी.”

“बघा,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी आपले दोन्ही हात पुढं केले.

तळवे काळेकुट्ट होते.

“चाक मी फिरवलं. जड आहे फार. आणि फळ्यावरचा शेरा माझा. मूल उठलं पाहिजे, असं मी लिहिलंय, माझ्या अक्षरात. इंदापूरला कुणाला न्यायचं असेल तर मला न्या. सिद्धूला सोडा.”

आबाजी त्या तळव्यांकडं बघत राहिले, मग वर्गातल्या पोरींकडं, मग परत तळव्यांकडं. आयुष्यभर खोट्या कबुल्या ऐकलेला तो माणूस. बाईंचं एकही वाक्य खोटं नव्हतं आणि एकानंही सगळं सांगितलेलं नव्हतं, हे त्याला न कळायला तो काही बाभळीखाली झोपत नव्हता.

“धरा की, साहेब! वंगनच हाय त्ये!” सर्जेराव ओरडले.

“वंगान?” आबाजी शांतपणे म्हणाले. “मला तर शाई दिसती. नव्या अंकाची शाई लई लागती म्हनं.” ते सर्जेरावांकडं वळले. “इंदापूरला साहेबांपुढं कुलपाची गोष्ट तू सांगतूस का मी सांगू?”

सर्जेरावांनी पागोटं सारखं केलं. त्यांना एकदम आठवलं की दारावर आज त्यांची गरज होती. ते गेले.

“सिद्धूला सोडतो,” आबाजी दारात थांबले. “त्येला म्हनावं, पुन्यांदा दगडावर बसशील तर घोंगडी पांघरून बस. आन बाई, फळ्यावरचं त्ये नाव पुसावं लागंल. निमगावकरांना कायतरी दाखवाया पायजे. पुस्तक गावात दिसता कामा नये.”

बाईंना ते लागलं. असं पुस्तक पुन्हा केव्हा येईल कुणास ठाऊक. पण त्यांनी मान हलवली.

आबाजी गेल्यावर त्या वर्गात आल्या. “हात पुढं करा,” त्या म्हणाल्या. चार जोड्या हात सावकाश पुढं आले. घासून घासून लाल झालेले, एका पोरीचं तर कातडं निघालेलं. बाईंनी चौघींना नीट पाहून घेतलं. रागवायचं ठरवलं होतं; पाण्याचं, कुलपाचं, कोरड्या राहिलेल्या निमगावच्या वाफ्यांचं सांगायचं होतं. ते सगळं त्यांनी उद्यावर टाकलं.

रतन उठली. बाहेर जाऊन तिनं चुलवणातली मूठभर राख आणली, तांब्याभर पाणी आणलं, आणि काही न विचारता बाईंचा हात आपल्या हातात घेऊन चोळायला लागली. तिच्या डोळ्यांतलं पाणी नाकावरून टपटपत होतं.

“तळव्यापेक्षा बोटांच्या बेचक्यात जास्त बसतं गं हे,” बाई म्हणाल्या.

“ठावं हाय, बाई,” रतन म्हणाली.